मांजाने कापलेली मान: बडोद्यातील एका जखमेचे निदान, उपचार आणि कोडिंग

बडोद्यात उत्तरायण आणि वासी उत्तरायण, म्हणजे १४ आणि १५ जानेवारी, या दोन दिवसांत कॅज्युअल्टीत येणाऱ्या गळ्याच्या जखमा वर्षभरातल्या इतर जखमांहून वेगळ्या ओळखू येतात. त्या आडव्या असतात, त्यांच्या कडा वस्तऱ्याने ओढल्यासारख्या सरळ असतात आणि बहुतेक वेळा त्या दुचाकी चालवणाऱ्याच्या असतात. राष्ट्रीय हरित लवादाने नायलॉनच्या व इतर कृत्रिम धाग्याच्या मांजावर २०१७ साली देशभर बंदी घातली. तरीही हा धागा वापरात राहिला, आणि सुती दोरीलाही काचेची भुकटी लावलेली असतेच. चालत्या स्कूटरच्या वेगाने मान अशा धाग्यावर आदळली की त्वचा, तिच्याखालचा प्लॅटिस्मा स्नायू आणि त्याच्या लगेच खाली असलेली बाह्य जुग्युलर शीर हे सारे एकाच ओढीत कापले जाते.

येथे मांडलेले प्रकरण कोणा एका रुग्णाचे नाही. वैद्यकीय नोंदी आणि कोडिंग (निदान व उपचार ठरावीक सांकेतिक क्रमांकांत लिहिण्याचे काम) शिकणाऱ्यांसाठी, अशा जखमांत नेहमी दिसणाऱ्या गोष्टी एकत्र आणून ते जुळवले आहे. त्यातील शरीररचना, उपचारांमागची कारणे आणि कोडांचे नियम मात्र प्रत्यक्षातलेच आहेत. मानेच्या शिरांचे प्रकरण मुद्दाम निवडण्याचे कारण असे की, येथे कोडपुस्तकाने ‘मोठी’ म्हटलेली इजा वैद्यकीयदृष्ट्या किरकोळ असू शकते आणि ‘किरकोळ’ म्हटलेली इजा जिवावर बेतू शकते. नुसते कोडपुस्तक चाळून हा गुंता सुटत नाही. त्यासाठी ऑपरेशन नोट वाचावी लागते.

घटना आणि कॅज्युअल्टीतील नोंद

रुग्ण ४६ वर्षांचे गृहस्थ, दांडिया बाजारात राहणारे. १४ जानेवारीला सायंकाळी पाचच्या सुमारास ते कारेलीबागेत बहिणीकडे तिळगूळ द्यायला स्कूटरने निघाले होते. डोक्यावर हेल्मेट होते. स्कूटरच्या पुढे मांजा अडवणारी लोखंडी सळई मात्र लावलेली नव्हती. रस्त्यावर आडवी आलेली दोरी हेल्मेटच्या खाली मानेच्या डाव्या बाजूला अडकली, त्यांनी ब्रेक दाबला आणि ते उजव्या अंगावर पडले. जवळच्या फळवाल्याने पंचाची घडी जखमेवर घट्ट दाबून धरली. १०८ ची गाडी आली तेव्हा ते उठून बसण्याचा प्रयत्न करीत होते. गाडीतल्या कर्मचाऱ्याने “काका, बेसशो नहीं, सूई रहो” असे बजावून त्यांना आडवेच ठेवले.

त्या एका सूचनेचे महत्त्व पुष्कळ आहे. धमनी कापली तर रक्त बाहेर उडते आणि सगळे घाबरतात. शीर कापली तर रक्त संथ, गडद आणि सलग वाहते आणि बघणाऱ्याला धोका कमी वाटतो. परंतु माणूस बसला की मानेतल्या शिरांतील दाब वातावरणाच्या दाबाखाली जातो, आणि तो खोल श्वास घेतो तेव्हा उघड्या शिरेतून हवा आत ओढली जाऊ शकते. गळपट्टीच्या हाडाच्या वर बाह्य जुग्युलर शीर खोल आवरणातून पार होते, तेथे तिची भिंत त्या आवरणाला चिकटलेली असते. त्यामुळे तेथे कापलेली शीर मिटत नाही, उघडीच राहते. हवा हृदयाच्या उजव्या कप्प्यात जमली तर फुफ्फुसांकडे जाणारा प्रवाहच अडतो. म्हणून अशा रुग्णाला आडवे, शक्य असल्यास डोके किंचित खाली ठेवून, जखम बोटांनी दाबून आणावे हाच खरा प्रथमोपचार होय. मानेभोवती गोल आवळलेली पट्टी बांधणे टाळावे, कारण आत रक्त साचले तर तीच पट्टी श्वासनलिकेवर दाब आणते.

कॅज्युअल्टीत पोहोचले तेव्हा नाडी मिनिटाला ११६, रक्तदाब ९६/६०, ऑक्सिजनचे प्रमाण ९७ टक्के, शुद्ध पूर्ण आणि आवाज स्वच्छ होता. डाव्या बाजूला सात सेंटीमीटरची आडवी जखम होती. ती जबड्याचा कोन आणि क्रिकॉइड कूर्चा (श्वासनलिकेच्या वरच्या टोकाशी असलेली कूर्चा) यांच्या मधोमध, मध्यरेषेपासून दोन सेंटीमीटरवर सुरू होऊन मानेच्या बाजूच्या मोठ्या स्टर्नोक्लिडोमॅस्टॉइड स्नायूवर गेलेली होती. मानेचे जे तीन विभाग शल्यचिकित्सक मानतात त्यांपैकी हा दुसरा. पहिला विभाग गळपट्टीच्या हाडापासून क्रिकॉइडपर्यंत, दुसरा क्रिकॉइडपासून जबड्याच्या कोनापर्यंत आणि तिसरा त्याच्या वर कवटीच्या तळापर्यंत. दुसऱ्या विभागात शस्त्रक्रियेने पोहोचणे तुलनेने सोपे असते, म्हणून तेथे निर्णयही लवकर घेता येतो. जखमेतून हवेचे बुडबुडे येत नव्हते, थुंकीत रक्त नव्हते, गिळताना त्रास नव्हता, जीभ सरळ बाहेर येत होती, डोळ्यांच्या बाहुल्या सारख्या होत्या आणि हातपाय सारख्याच जोराने हलत होते. उजव्या गुडघ्याला खरचटले होते.

ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिले: “सी.एल.डब्ल्यू. डावी मान, ई.जे.व्ही. कट, रक्तस्राव चालू, दाब दिला. एम.एल.सी. नोंद.” ई.जे.व्ही. म्हणजे बाह्य जुग्युलर शीर, एम.एल.सी. म्हणजे पोलिसांना कळवायचे प्रकरण आणि सी.एल.डब्ल्यू. म्हणजे चेंगरून फाटलेली जखम. ही जखम तशी नव्हती, ती सरळ कापलेली होती. कोडिंगच्या दृष्टीने या फरकाने फारसे बिघडत नाही, कारण आयसीडीत, म्हणजे आजार व इजांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात, कापलेली आणि फाटलेली जखम एकाच गटात जाते. पोलीस आणि न्यायालय यांच्यासमोर मात्र हा फरक मोठा ठरतो. आपल्याकडे कुठलीही उघडी जखम दिसली की हात सवयीने ‘सी.एल.डब्ल्यू.’ लिहून जातो, आणि ही सवय मोडायला हवी.

कॉलर, स्कॅन की थेट ऑपरेशन

रुग्ण स्कूटरवरून पडला असल्याने मानेच्या मणक्यांची शंका घेणे भाग होते. फक्त धारदार वस्तूने झालेल्या जखमेत मणका अस्थिर असण्याची शक्यता फार कमी असते, आणि कॉलर लावल्यास वाढणारी सूज किंवा पुन्हा सुरू झालेला रक्तस्राव दिसतच नाही. म्हणून अशा जखमांत सरसकट कॉलर लावत नाहीत. येथे जखम कापलेली असली तरी पडण्याचा मारही होता. तोडगा असा काढला गेला की एका मदतनीसाने डोके दोन्ही हातांनी सरळ रेषेत धरून ठेवायचे, कॉलरचा फक्त मागचा भाग वापरायचा आणि जखम पूर्ण उघडी, डोळ्यांसमोर ठेवायची. सलाइनची सुई उजव्या हातात लावली, कारण जखम डाव्या बाजूची होती आणि त्या बाजूची खोल शीर कापलेली असल्यास तिकडून दिलेले द्रव जखमेतूनच बाहेर येऊ शकते. रक्तस्राव कमी करणारे ट्रानेक्सॅमिक ॲसिड एक ग्रॅम दहा मिनिटांत दिले. हे औषध इजेनंतर तीन तासांच्या आत सुरू झाले तरच लाभदायक ठरते, हे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ‘क्रॅश-२’ या मोठ्या चाचणीनंतर सर्वत्र मान्य झालेले आहे. धनुर्वाताचे इंजेक्शनही दिले.

आता मतभेद झाला. निवासी डॉक्टरांचे म्हणणे असे होते की बाह्य जुग्युलर शीर डोळ्यांना दिसतेच आहे, ती येथेच भूल देऊन बांधावी आणि मग रुग्णाला सीटी अँजिओग्राफीला, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणाऱ्या स्कॅनला, पाठवावे. वरिष्ठ सर्जननी ते मानले नाही. मानेच्या जखमेत काही लक्षणे ‘ठाम’ मानली जातात: न थांबणारा रक्तस्राव, वाढत जाणारी किंवा ठोके देणारी गाठ, द्रव देऊनही न सावरणारा रक्तदाब, जखमेतून निघणारी हवा, श्वास अडणे, अर्धांगाची चिन्हे. यांपैकी एकही असेल तर स्कॅनसाठी वेळ न घालवता ऑपरेशन थिएटर गाठावे असा संकेत आहे. येथे दाब काढला की रक्त पुन्हा भरून येत होते. शिवाय कॅज्युअल्टीच्या उजेडात, रक्ताने भरलेल्या जखमेत अंदाजाने चिमटा लावणे हे मानेत विशेष धोक्याचे. शिरेऐवजी व्हेगस किंवा जिभेची नस (म्हणजे मज्जातंतू) चिमट्यात सापडू शकते. प्लॅटिस्मा ओलांडून गेलेली जखम थिएटरबाहेर बोटाने किंवा सळईने चाचपू नये हा नियमही याच कारणासाठी आहे. दाब देऊनही रक्त आवरले नसते तर जखमेत फोली कॅथेटर घालून त्याचा फुगा पाण्याने फुगवणे हा पर्याय होता. त्याची गरज पडली नाही.

या निर्णयामागे जुना इतिहास आहे. फोगेलमन आणि स्ट्युअर्ट यांनी १९५६ साली दाखवून दिले की प्लॅटिस्मा भेदून गेलेल्या जखमा लवकर उघडून पाहिल्यास मृत्यूचे प्रमाण ६ टक्के राहते आणि उशीर केल्यास ते ३५ टक्क्यांपर्यंत जाते. त्यानंतर अशी प्रत्येक मान उघडून पाहण्याची प्रथा बरीच वर्षे चालली. सीटी अँजिओग्राफी आल्यावर स्थिर रुग्णांत ती मागे पडली, आणि ते योग्यच झाले. परंतु सीटी अँजिओग्राफीची वेळ धमन्यांच्या हिशेबाने साधलेली असते. शिरेला पडलेले छोटे छिद्र, त्यावर रक्ताची गाठ बसलेली असल्यास, तिच्यातून निसटू शकते. या रुग्णाच्या बाबतीत नेमके तेच घडले असते असे पुढच्या हकिकतीवरून वाटते.

थिएटरमध्ये काय सापडले

भूल देताना श्वासाची नळी लवकर आणि अनुभवी हाताने घातली गेली, कारण मानेत रक्त पसरले तर घशाची रचना काही मिनिटांत सरकते. जखम स्नायूच्या पुढच्या कडेने वर-खाली वाढवली. बाह्य जुग्युलर शीर पूर्ण तुटलेली होती; तिची दोन्ही टोके शोधून बांधली. या शिरेचे काम इतर शिरा सहज उचलतात, त्यामुळे ती बांधल्याने रुग्णाचे काही नुकसान होत नाही. स्टर्नोक्लिडोमॅस्टॉइड अर्धवट कापलेला होता आणि त्याच्या तंतूंत चार सेंटीमीटरचा मांजाचा तुकडा अडकलेला होता. तो काढून, सीलबंद डबीत घालून, पोलिसांसाठी बाजूला ठेवला गेला आणि तशी ओळ ऑपरेशन नोटमध्ये आली.

येथेच हात थांबला असता तर निवासी डॉक्टरांचा अंदाज बरोबर ठरला असता. स्नायू मागे ओढताच त्याखाली बसलेली रक्ताची गाठ सुटली आणि खोलातून गडद रक्त भरून आले. बोटाने दाब दिला, टेबल डोक्याकडे खाली केले, जखम सलाइनने भरून टाकली. त्याच वेळी श्वासातून बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा आकडा ३६ वरून २९ वर आला आणि रक्तदाब ८२ पर्यंत उतरला. भूलतज्ज्ञांनी नायट्रस ऑक्साइड बंद केला, कारण तो रक्तातल्या हवेच्या बुडबुड्यांत शिरून त्यांना फुगवतो, आणि शंभर टक्के ऑक्सिजन सुरू केला. काही मिनिटांत आकडे सावरले. भूलपत्रकावर नोंद झाली: “एअर एम्बोलिझम?” म्हणजे रक्तात हवा शिरली का, अशी शंका, प्रश्नचिन्हासकट.

दाबाखालीच शिरेच्या वर आणि खाली ताबा घेण्यासाठी समोरून येणारी फेशियल शीर बांधून कापली, मग आंतर जुग्युलर शीर पूर्ण दिसली. तिच्या पुढच्या बाहेरच्या भिंतीला सात मिलिमीटरची चीर होती; शीर तुटलेली नव्हती. ही शीर कवटीच्या तळातून बाहेर पडते, कॅरॉटिड आवरणात कॅरॉटिड धमनीच्या बाहेरच्या बाजूने उतरते आणि मेंदूचे बहुतेक रक्त हृदयाकडे आणते. एका बाजूची आंतर जुग्युलर शीर बांधली तरी बहुतेक रुग्ण ते सहन करतात. दोन्ही बाजूंची बांधावी लागली तर चेहरा सुजतो आणि कवटीतील दाब वाढतो. म्हणून रुग्ण अस्थिर असेल किंवा शीर फार फाटलेली असेल तर बांधून मोकळे व्हावे आणि रुग्ण स्थिर असून शीर फार अरुंद होणार नसेल तर शिवावी, असा व्यवहारातला निवाडा आहे. येथे ६-० पॉलिप्रोपिलीनने सलग टाका घेऊन ती शिवली; अरुंदपणा एक तृतीयांशाहून कमी राहिला. कॅरॉटिड धमनी आणि व्हेगस अबाधित होती. दुर्बिणीने घसा आणि अन्ननलिका पाहिली, इजा नव्हती. स्नायू शिवला, निचऱ्याची नळी ठेवली, त्वचा बंद केली. नंतरच्या सीटीत मणके आणि मेंदू ठीक आढळले.

पुढचे पाच दिवस शांत गेले. हिमोग्लोबिन १२.८ वरून ८.९ वर आले होते, रक्ताच्या दोन पिशव्या दिल्या. दुसऱ्या दिवशी डाव्या कानाची पाळी बधिर असल्याचे रुग्णाने सांगितले. ग्रेट ऑरिक्युलर नस बाह्य जुग्युलरच्या शेजारूनच स्नायूवर चढते, त्यामुळे ती या जखमेत सापडणे स्वाभाविक होते. सर्जननी ते राउंडच्या पानावर नाव घेऊन लिहिले. चौथ्या दिवशीच्या डॉपलरमध्ये (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत) आंतर जुग्युलर शीर उघडी होती, गुठळी नव्हती.

फाइल कोडरच्या टेबलावर

फाइलमध्ये तीन जागी तीन निदाने होती. केसपेपर म्हणत होता, बाह्य जुग्युलर कापली. ऑपरेशन नोट म्हणत होती, डावी बाह्य जुग्युलर पूर्ण तुटली आणि डाव्या आंतर जुग्युलरला चीर. डिस्चार्ज समरी, जी घाईत उतरवलेली होती, एवढेच सांगत होती: “मानेची सी.एल.डब्ल्यू., रक्तवाहिनीस इजा, एक्सप्लोरेशन व दुरुस्ती.” फक्त ही समरी हातात धरली तर कोड येतो एस १५.९, म्हणजे मानेतील अनिर्दिष्ट रक्तवाहिनीची इजा, आणि जोडीला एस ११.९, अनिर्दिष्ट भागाची उघडी जखम. दोन्ही कोड चुकीचे नाहीत, पण ज्यासाठी एवढा खटाटोप झाला ते काहीच त्यांतून कळत नाही. माझ्या मते अशा फाइलवर ‘अनिर्दिष्ट’ कोड टाकणे म्हणजे फाइल न वाचल्याची कबुली आहे.

हा प्रश्न परदेशी कामापुरता नाही. आपल्याकडील आरोग्यविम्याच्या प्रमाणित दावा-अर्जाचा ‘ब’ भाग रुग्णालयाने भरायचा असतो, आणि त्यात निदानासाठी आयसीडी-१० व शस्त्रक्रियेसाठी आयसीडी-१० पीसीएस असे रकाने आहेत. बडोद्यात कोडिंग शिकणारी बरीच मुले पुढे अमेरिकी रुग्णालयांच्या फाइली हाताळतात. तेथे १ ऑक्टोबर २०१५ पासून आयसीडी-१०-सीएम ही अधिक बारीक आवृत्ती लागू आहे. म्हणून एकाच प्रकरणाचे दोन्ही पद्धतींनी कोडिंग करून पाहणे उपयोगी ठरते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मूळ आयसीडी-१० मध्ये बाह्य जुग्युलरसाठी एस १५.२, आंतर जुग्युलरसाठी एस १५.३ आणि मानेतील अनेक रक्तवाहिन्यांच्या इजेसाठी एस १५.७ आहे. दोन शिरा कापल्या म्हणून विद्यार्थी लगेच एस १५.७ कडे वळतात. परंतु अनेक इजांचा एकत्रित कोड मुख्य म्हणून घ्यायचा तो त्यांपैकी कोणतीही एक मुख्य म्हणून नोंदवलेली नसेल तेव्हा. येथे सर्जननी कोडरने पाठवलेल्या चौकशीला उत्तर देताना आंतर जुग्युलरची इजा मुख्य असल्याचे लिहून दिले, म्हणून एस १५.३ मुख्य आणि एस १५.२ सोबत.

सीएममध्ये गोष्टी अधिक रंगतदार होतात. तेथे एस १५.३ च्या पुढे चीर ‘किरकोळ’ की ‘मोठी’ हे विचारले जाते. अपुरी तुटलेली, वरवरची किंवा केवळ ‘चीर’ एवढेच लिहिलेली शीर ‘किरकोळ’ गटात जाते. पूर्ण तुटलेली किंवा आघाताने फुटलेली ‘मोठी’ गटात. या व्याख्येनुसार डावी बाह्य जुग्युलर एस १५.२२२ए, म्हणजे मोठी चीर, आणि डावी आंतर जुग्युलर एस १५.३१२ए, म्हणजे किरकोळ चीर. जी शीर बांधून टाकली आणि कोणाला तिची उणीव भासणार नाही ती ‘मोठी’, आणि जिच्यामुळे रुग्ण टेबलावर गडबडला ती ‘किरकोळ’. विद्यार्थ्यांना वाटते की ‘मोठी’ आधी लावावी. नियम वेगळा आहे: उपचार करणाऱ्याने ठरवलेली सर्वांत गंभीर आणि उपचाराचा केंद्रबिंदू असलेली इजा आधी येते. म्हणून क्रम एस १५.३१२ए, मग एस १५.२२२ए.

कोडिंग नियमांच्या त्याच प्रकरणात आणखी एक नियम आहे, जो येथे उपयोगी पडतो. मुख्य इजा दुसरी असून रक्तवाहिनीचे नुकसान किरकोळ असेल तर मुख्य इजा आधी. मुख्य इजाच रक्तवाहिनीची असेल तर तीच आधी. त्यामुळे उघड्या जखमेचा कोड मागे जातो, पण गळत नाही. एस १५ खाली उघड्या जखमेचा कोडही द्यावा अशी स्पष्ट सूचना आहे. आता तो चार सेंटीमीटरचा तुकडा कामाला येतो. जखम मानेच्या निर्दिष्ट बाजूच्या भागाची होती आणि तिच्यात परकी वस्तू होती, म्हणून एस ११.८२एक्सए, तुकड्याची ओळ नोटमध्ये नसती तर तो एस ११.८१एक्सए झाला असता. स्नायूच्या कापासाठी एस १६.२एक्सएक्सए, कानाच्या पाळीच्या नसेसाठी एस १४.४एक्सएक्सए. गुडघ्याचे खरचटणे एस ८०.२११ए म्हणून घेता येते, कारण वरवरच्या जखमा गाळण्याचा नियम त्याच जागी अधिक गंभीर इजा असेल तेव्हाच लागू होतो.

काही गोष्टी फाइलमध्ये दिसत असूनही लिहिता येत नाहीत. हिमोग्लोबिन ८.९ हा आकडा आहे, निदान नव्हे. कोडरने त्यावरून स्वतः डी ६२ लावू नये. चौकशी पाठवली, सर्जननी रक्तस्रावामुळे आलेला तीव्र ॲनिमिया असे लिहून दिले, मग तो कोड आला. शॉक असा शब्द कोणीच वापरला नव्हता आणि रक्तदाब द्रवांनी सावरला होता, त्यामुळे टी ७९.४ चा प्रश्न उद्भवला नाही. प्रश्नचिन्हासहित एअर एम्बोलिझमबद्दल विचारले असता भूलतज्ज्ञ आणि सर्जन दोघांनीही सांगितले की तो उतार रक्तस्रावानेही समजावता येतो आणि ते निदान कायम ठेवण्याजोगे नाही. ते वगळले. अमेरिकी आंतररुग्ण नियमांनुसार समरीत अखेरपर्यंत ‘संभाव्य’ असे राहिले असते तर टी ७९.०एक्सएक्सए लावावा लागला असता; बाह्यरुग्ण फाइलीत मात्र तेच ‘संभाव्य’ कोडात येत नाही.

शस्त्रक्रियेच्या पीसीएस कोडांत डाव्या आंतर जुग्युलरची उघडी दुरुस्ती ०५क्यूएन०झेडझेड, डाव्या बाह्य जुग्युलरचे बंदीकरण ०५एलक्यू०झेडझेड आणि डाव्या मानेच्या स्नायूची दुरुस्ती ०केक्यू३०झेडझेड. फेशियल शीर बांधल्याचा वेगळा कोड शोधत बसू नये. मूळ जागी पोहोचण्यासाठी केलेली पायरी स्वतंत्र मोजली जात नाही. सर्जनच्या शुल्कासाठी अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या सीपीटीत मानेतील रक्तवाहिनीच्या थेट दुरुस्तीला ३५२०१ आहे, आणि त्याच जखमेच्या तपासणीचा २०१०० त्यासोबत वेगळा लावणे योग्य नाही.

बाह्य कारणाच्या, म्हणजे इजा कशी झाली हे सांगणाऱ्या, कोडावर वर्गात सर्वांत जास्त वाद होतो. मांजा धारदार वस्तू असल्याने डब्ल्यू २६ वाटतो, आणि गच्चीवर पतंग उडवताना गळा कापला असता तर तो बरोबरही ठरला असता. परंतु येथे रुग्ण चालत्या स्कूटरवर होता आणि जखम करणारी ताकद स्कूटरच्या वेगातून आली. वाहतूक अपघाताचे कोड, दहशतवाद, अत्याचार आणि नैसर्गिक आपत्ती वगळता, इतर सर्व बाह्य कारणांच्या आधी येतात. स्कूटरचालक व्ही २० ते व्ही २९ या मोटारसायकल गटातच मोडतो. ताणलेली दोरी ही स्थिर वस्तू धरून व्ही २७ घ्यावा की टक्कर नसलेला अपघात म्हणून व्ही २८, याबाबत मी व्ही २८ कडे झुकतो. झाड, खांब किंवा कठडा यांच्याशी झालेल्या टकरीच्या रांगेत हवेत तरंगती दोरी बसत नाही. मात्र संस्थेने एक पद्धत ठरवून सर्व फाइलींना ती लावावी हे कोणता कोड घेतला याहून महत्त्वाचे आहे, नाहीतर जानेवारीच्या जखमा मोजू पाहणाऱ्याला निम्म्या सापडणारच नाहीत. जागेसाठी वाय ९२.४१४, वस्तीतला किंवा बाजारातला रस्ता.

नंतरच्या भेटी

टाके काढायला रुग्ण दहाव्या दिवशी आले. येथे झेड ४८.०२ हा टाके काढण्याचा कोड लावण्याचा मोह होतो. इजांच्या पाठपुराव्यासाठी झेड गटातील शुश्रूषेचे कोड वापरायचे नसतात, त्याऐवजी मूळ इजेचाच कोड शेवटचे अक्षर बदलून वापरायचा, म्हणजे एस १५.३१२डी आणि बाकीचेही तसेच. ‘ए’ अक्षर पहिल्या भेटीसाठी नसून सक्रिय उपचारासाठी असते. पाचव्या दिवशी पुन्हा रक्तस्राव होऊन थिएटरमध्ये न्यावे लागले असते तर तेव्हाही ‘ए’च राहिले असते. तीन आठवड्यांच्या डॉपलरमध्ये शीर मोकळी होती. गुठळी सापडली असती तर आय ८२.सी१२ हा स्वतंत्र कोड जोडावा लागला असता.

सहा महिन्यांनी दाढी करताना कानाखालचा भाग बधिर लागतो अशी तक्रार घेऊन ते पुन्हा आले. जखम भरलेली होती, उपचार संपलेले होते. उरला होता तो परिणाम. अशा भेटीत आधी परिणामाचा कोड, त्वचेच्या बधिरतेसाठी आर २०.०, आणि त्यानंतर मूळ इजेचा, म्हणजे एस १४.४एक्सएक्सएस. शिरांचे कोड या भेटीत येत नाहीत, कारण बधिरता नसेच्या इजेतून आली आहे, शिरेच्या नाही. बाह्य कारणाचा कोडही दिला तर त्याच्या शेवटी ‘एस’ हेच अक्षर लागते.